आधी परतावा, मग दरवाढ

२०२३ साली जर्मन सरकारने गॅसच्या दराला आवर घालण्यासाठी जी योजना लागू केली, तिचे सूत्र ऐकायला अगदी सोपे होते. घराचा जो वार्षिक वापर आधी नोंदलेला होता, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ग्राहकाने युनिटमागे १२ सेंट द्यायचे आणि करारातला दर त्याहून जितका चढा असेल तितका फरक सरकारने भरायचा. (जर्मनीत गॅसचे बिलही विजेसारखे किलोवॅट-तासांत, म्हणजे आपण ज्याला युनिट म्हणतो त्यात येते.) आता हे सूत्र दोन घरांना लावून पाहू. समजा, गेल्झेनकिर्शन या रूर खोऱ्यातल्या जुन्या कोळसानगरीत साठ चौरस मीटरच्या भाड्याच्या घरात राहणारे कुटुंब वर्षाला ८,००० युनिट गॅस वापरते आणि म्युनिकच्या दक्षिणेला श्टार्नबर्गच्या तळ्याकाठी असलेला एक ऐसपैस बंगला ४०,००० युनिट. करारातला दर १८ सेंट धरला, तर पहिल्या कुटुंबाला वर्षाकाठी ३८४ युरोंची मदत मिळते आणि दुसऱ्याला १,९२० युरोंची. गेल्झेनकिर्शनचे दरडोई खर्चयोग्य उत्पन्न देशात अगदी तळाशी आहे आणि श्टार्नबर्गची गणना सर्वांत श्रीमंत जिल्ह्यांत होते. संकटाची झळ सोसणाऱ्यांसाठी म्हणून सार्वजनिक पैशातून काढलेली मदत ज्याचे घर मोठे त्याला पाचपट मिळाली.

यामागे कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. ज्या तज्ज्ञ आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ही रचना सुचवली, त्याला तिच्यातली विषमता दिसत होती आणि म्हणूनच चांगली मिळकत असलेल्यांच्या मदतीवर आयकर लावण्याची पुस्ती तिला जोडली होती. त्यातली डिसेंबरच्या तातडीच्या मदतीवरची करआकारणी पुढे कटकटीची ठरून रद्दच झाली. खरी अडचण कारभाराची होती. गॅस कंपनीला मीटर ठाऊक असतो. मीटरच्या पलीकडे किती माणसे राहतात आणि त्यांची मिळकत काय, हे तिला ठाऊक नसते. सरकारपाशी प्रत्येक रहिवाशाचा करक्रमांक होता, परंतु त्या क्रमांकाला जोडलेले बँकखाते त्याच्या दप्तरी नव्हते. चान्सलर ओलाफ शोल्झ यांनी २९ सप्टेंबर २०२२ रोजी २०० अब्ज युरोंचे संरक्षक छत्र जाहीर केले. इतकी रक्कम उभी करू शकणारे सरकार दर माणशी सारखे पैसे मात्र पाठवू शकत नव्हते. जे मोजता येत होते, म्हणजे गॅसचा वापर, त्यालाच मदत बांधली गेली.

या अनुभवातून निघणारे माझे म्हणणे असे आहे की, लोकांच्या हाती पैसे परत पोहोचवण्याची वाट आधी तयार नसेल, तर इंधनावर कार्बनचा दर, म्हणजे जाळलेल्या इंधनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे सरकारने घ्यायची आकारणी, लावण्याचा किंवा ती वाढवण्याचा अधिकार सरकारने वापरू नये. हवामान बदलाबद्दल ज्यांना मनापासून काळजी आहे, त्यांनीच ही अट सर्वांत आधी घालायला हवी, कारण ती न पाळल्याची किंमत जर्मनीत हवामान धोरणानेच चुकवली आहे.

युक्रेन युद्धाच्या आधी जर्मनी आयात करत असलेल्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस रशियातून येत होता. २०२२ च्या जूनमध्ये नॉर्ड स्ट्रीम वाहिनीतला पुरवठा क्षमतेच्या ४० टक्क्यांवर आला, जुलैत २० टक्क्यांवर आणि ऑगस्ट संपताना पूर्ण थांबला. २६ सप्टेंबरला समुद्राखाली वाहिन्या स्फोटांनी फुटल्या. ऑगस्टच्या अखेरीस युरोपच्या घाऊक बाजारात गॅस मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटना, ३०० युरोंच्या वर गेला होता. हे सगळे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या वर्षी जर्मन घरगुती ग्राहकाच्या बिलात कार्बन दराचा वाटा किती होता, याचा हिशेब फार थोड्यांनी केला. २०२२ मध्ये जर्मनीचा राष्ट्रीय कार्बन दर टनाला ३० युरो होता. एक युनिट गॅस जाळला की सुमारे १८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे युनिटमागे कार्बनचा भार अर्ध्या सेंटच्या आसपास आला. त्याच काळात नवा करार करणाऱ्या ग्राहकाचा दर सहा-सात सेंटवरून वीस, तीस, क्वचित चाळीस सेंटपर्यंत चढला होता. बिल फुगले ते एकाच पुरवठादाराच्या जिवाश्म इंधनावर विसंबून राहिल्यामुळे, हवामान धोरणामुळे नव्हे. तरीही महागाईचा राग येऊन आदळला तो हवामान धोरणावर, कारण बाजारभाव ठरवणारा कुणी समोर दिसत नसतो आणि कर लावणारा मंत्री रोज टीव्हीवर दिसतो.

त्या वर्षी मदत वाटण्याची जी धडपड झाली, ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. तीनशे युरोंचा ऊर्जाभत्ता जाहीर झाला. नोकरदारांना तो सप्टेंबरच्या पगारातून मिळाला, कारण मालकामार्फत पैसे देण्याची सोय होती. निवृत्त लोक आधी त्यातून चक्क वगळले गेले होते. ओरड झाल्यावर त्यांना डिसेंबरमध्ये पेन्शनबरोबर तितकीच रक्कम देण्यात आली. विद्यार्थ्यांना दोनशे युरो मिळायचे होते, परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा कोणताच मार्ग नसल्याने नवे संकेतस्थळ उभारावे लागले, त्यासाठी स्वतंत्र डिजिटल ओळख काढावी लागली आणि अर्ज सुरू झाले ते २०२३ च्या मार्चमध्ये, म्हणजे हिवाळा सरत आल्यावर. नोकरदारांच्या या भत्त्यात एक गोष्ट मात्र शहाणपणाची होती. तो करपात्र होता, त्यामुळे ज्याची मिळकत मोठी त्याच्या हाती तीनशेपैकी कमी उरले आणि ज्याला आयकरच लागत नाही त्याला पूर्ण मिळाले. सारखी रक्कम द्यावी आणि करातून ती समतोल करावी, हे सूत्र असे सरकारच्या स्वतःच्या हातात होते.

उलट उदाहरण पेट्रोलचे. जून ते ऑगस्ट २०२२ या तीन महिन्यांत पेट्रोलवरचा कर लिटरमागे सुमारे ३० सेंटने उतरवला गेला आणि त्यावर तीन अब्ज युरोंच्या आसपास खर्च झाले. गरीब घरांपैकी अनेकांकडे गाडीच नसते. लांबवर धावणाऱ्या मोठ्या गाडीच्या मालकाला त्यातून सर्वाधिक लाभ झाला आणि इंधन जपून वापरण्याचे कारणही नाहीसे झाले. त्याच तीन महिन्यांत देशभर लोकल गाड्या, बस आणि ट्रामसाठी महिन्याला नऊ युरोंचा पास निघाला. त्यावर खर्च त्याहून कमी झाला आणि पाच कोटींहून अधिक पास विकले गेले. कमी पगाराची माणसे त्या उन्हाळ्यात पोरांना घेऊन समुद्रकिनारी गेली. हाच पास पुढे ४९ युरोंचा झाला, २०२५ मध्ये ५८ चा आणि २०२६ मध्ये ६३ चा. ज्या एका उपायात हवामान आणि समता एकत्र आल्या होत्या, त्याची किंमत चार वर्षांत सातपट झाली, याचे मला अजूनही वाईट वाटते.

अर्जावर बेतलेली मदत गरजूंपर्यंत पोहोचत नाही, हेही या काळात पुन्हा दिसले. ज्यांना मूळ सामाजिक भत्ता मिळतो, त्यांचा घर तापवण्याचा वाजवी खर्च सरकार उचलतेच. खरी ओढाताण झाली ती त्यांच्या किंचित वर असलेल्यांची: दुकानात अर्धवेळ काम करणारी बाई, तुटपुंजी पेन्शन असलेला म्हातारा, एकट्याने मुले वाढवणारी आई. त्यांच्यासाठी १ जानेवारी २०२३ पासून घरभाडे भत्त्याचा विस्तार झाला आणि पात्र घरांची संख्या सुमारे सहा लाखांवरून वीस लाखांवर जाईल, असे सरकारने सांगितले. वर्ष संपताना प्रत्यक्ष लाभ घेणारी घरे बारा लाखांच्या आसपास होती. पानेच्या पाने भरायचे अर्ज, मिळकतीचे पुरावे, कर्मचाऱ्यांअभावी महिनोन्महिने तुंबलेली कार्यालये आणि हात पसरायची लाज, यांत बाकीची घरे अडकली. गरजूंनाच नेमकी मदत द्यावी, असे म्हणणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी ही दरी डोळ्यांआड करू नये.

आता मूळ वचनाकडे येऊ. २०२१ च्या अखेरीस शोल्झ यांच्या तीन पक्षांच्या सरकारने आपल्या करारात लिहून दिले होते की, कार्बन दराचा भार हलका करण्यासाठी हवामान-परताव्याची, म्हणजे सर्वांना माणशी सारखी रक्कम देण्याची, व्यवस्था उभी केली जाईल. हे सरकार ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कोसळेपर्यंत तो परतावा एकदाही दिला गेला नाही. या काळात कार्बन दर मात्र ३० वरून ४५ युरोंवर गेला आणि २०२५ मध्ये ५५ वर. २०२४ मध्ये या दरातून सरकारला सुमारे १३ अब्ज युरो मिळाले. जर्मनीची लोकसंख्या साडेआठ कोटींच्या जरा आत आहे. म्हणजे माणशी दीडशे युरो. आपल्या गेल्झेनकिर्शनच्या घरात तीन माणसे राहतात असे धरू. ८,००० युनिट गॅसवर आणि वर्षाला हजार लिटर पेट्रोलवर मिळून त्यांनी २०२४ मध्ये कार्बनपोटी मूल्यवर्धित करासह दोनशे युरोंच्या आसपास भरले असते. परताव्यात त्यांना साडेचारशे युरो मिळाले असते. ज्या धोरणाने या कुटुंबाच्या हाती अडीचशे युरो जादा पडले असते, ते धोरण या कुटुंबाने केवळ एक नवा कर म्हणून अनुभवले.

पैसा गेला कुठे? तो हवामान व परिवर्तन निधीत गेला. त्यातून घरांचे उष्मारोधन आणि हीट पंपांचे (बाहेरची उष्णता विजेच्या साहाय्याने घरात ओढून घेणाऱ्या यंत्रांचे) अनुदान यांसाठी खर्च झाला, ते योग्यच होते. परंतु त्याच निधीतून चिप बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या कारखान्यांना अनुदान देण्याच्याही योजना आखल्या गेल्या. चिपचे कारखाने देशाला हवे असतील. पण त्यासाठी भाडेकरूची खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर कर का, याचे उत्तर कुणी दिले नाही. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी घटना न्यायालयाने या निधीत वळवलेले ६० अब्ज युरो अवैध ठरवले, तेव्हा ओढाताणीत सर्वांत आधी बाजूला पडला तो परतावा, आणि गॅस-विजेच्या दरांवरचा आवरही ठरल्यापेक्षा तीन महिने आधीच उठवला गेला. बँकखाते करक्रमांकाला जोडण्याची तरतूद २०२२ च्या वार्षिक करकायद्यात झाली होती. तांत्रिक व्यवस्था हळूहळू पूर्ण होत आली, तोवर त्या वाटेने पाठवायला पैसे ठेवले गेले नव्हते.

जर्मनीतली निम्म्याहून अधिक माणसे भाड्याच्या घरात राहतात, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय तिथला अन्याय नीट कळत नाही. भाडेकरूच्या हाती वर्षातून एकदा घराच्या इतर खर्चाचा हिशेब पडतो. कायद्याने घरमालकाला तो देण्यासाठी वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे २०२२ मध्ये जाळलेल्या गॅसचा आकडा काहींना २०२३ च्या डिसेंबरमध्ये समजला. इमारतीला एकच बॉयलर असेल, तर प्रत्येक रेडिएटरवर बसवलेले छोटे यंत्र खोलीगणिक वापर नोंदवते. पण एकूण खर्चाचा ३० ते ५० टक्के भाग त्या नोंदीवर न लागता घराच्या क्षेत्रफळावर लागतो. बाईने हिवाळाभर दोन स्वेटर घालून एका खोलीतला रेडिएटर बंद ठेवला, तरी त्या भागात तिची दमडीचीही बचत होत नाही. तळघरातला बॉयलर वीस वर्षांचा जुना आहे, खिडक्यांच्या फटींतून वारा येतो, भिंतींना उष्मारोधक थर नाही, आणि यातली एकही गोष्ट बदलण्याचा तिला अधिकार नाही. कार्बन दराने माणसाची वागणूक बदलावी, अशी अपेक्षा असते. इथे दर भरणारी एक आणि निर्णय घेणारा दुसरा.

ही विसंगती सरकारला कळली, हे मान्य केले पाहिजे. १ जानेवारी २०२३ पासून कार्बनचा भार घरमालक आणि भाडेकरू यांच्यात दहा पायऱ्यांनी वाटला जातो. इमारत जितकी धुरकट, तितका मालकाचा वाटा मोठा. अगदी वाईट इमारतीत ९५ टक्के मालकाचे आणि उत्तम इमारतीत सगळे भाडेकरूचे. माझ्या मते त्या सरकारने केलेल्या कायद्यांपैकी हा सर्वांत विचारपूर्वक केलेला कायदा आहे, कारण ज्याच्या हाती बॉयलर त्याच्या खिशाला तो हात घालतो. पण इथेही एक चोरवाट राहिली. ज्या भाडेकरूच्या घरात स्वतंत्र गॅस बॉयलर आहे आणि कंपनीशी करार त्याच्या नावावर आहे, त्याने हिशेब स्वतः मांडायचा, मालकाचा वाटा स्वतः काढायचा आणि बिल आल्यापासून बारा महिन्यांत मालकाकडे मागायचा. मुदत टळली की हक्क गेला. ज्याच्या मर्जीवर घर टिकून आहे, त्याच्याकडे शंभर युरोंचा तगादा लावायला किती जण धजावतील?

यानंतर २०२३ मध्ये जे घडले, ते क्रम चुकल्याचे ठळक उदाहरण आहे. नव्या बॉयलरने किमान ६५ टक्के ऊर्जा नूतनक्षम स्रोतांतून घ्यावी, असे सांगणाऱ्या कायद्याचा मसुदा फेब्रुवारीअखेर वृत्तपत्राच्या हाती लागला. अर्थ व हवामान मंत्री रॉबर्ट हाबेक यांच्या खात्याने बंधन लिहिले होते, पण पैसे कुणाला आणि किती मिळणार, हे ठरायचे होते. पुढचे सहा महिने देशातल्या प्रत्येक म्हाताऱ्या घरमालकाला वाटत राहिले की, सरकार येऊन आपला बॉयलर उखडणार आणि तीस हजारांचा खर्च गळ्यात मारणार. सप्टेंबरमध्ये कायदा संमत झाला, तोवर त्याला खरोखर चांगले अनुदान जोडले गेले होते: ३० टक्के सर्वांना, ४० हजार युरोंच्या आत करपात्र मिळकत असलेल्या घरमालकाला आणखी ३० टक्के, लवकर बदलणाऱ्याला २० टक्के, आणि सगळे मिळून ७० टक्क्यांपर्यंत. भाडेकरूंसाठी या कामापोटी वाढणाऱ्या भाड्यावर चौरस मीटरला महिना ५० सेंटची मर्यादाही घातली गेली. हेच आकडे मार्चमध्ये पहिल्या पानावर असते, तर चर्चा वेगळी झाली असती. अनुदान आले तेव्हा ऐकून घेण्याची कुणाची तयारी उरली नव्हती.

२३ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला २०.८ टक्के मते मिळाली. २०२१ मध्ये त्याला १०.३ टक्के होती. याचे सगळे श्रेय गॅसच्या बिलाला देणे चूक ठरेल. स्थलांतर हा त्या निवडणुकीतला मोठा मुद्दा होता. परंतु गेल्झेनकिर्शनमध्ये, खाणकामगारांच्या आणि समाजवादी लोकशाही पक्षाच्या त्या पिढीजात बालेकिल्ल्यात, पक्षाला दिल्या जाणाऱ्या मतांत एएफडी पहिल्या क्रमांकावर आला. तो पक्ष कार्बन दर सरसकट रद्द करा म्हणतो. ज्या कुटुंबाला परताव्यात वर्षाला अडीचशे युरो जादा मिळायला हवे होते, त्याला तो कधी दिसलाच नाही; मग त्याने दर रद्द करण्याच्या मागणीला मत दिले, तर त्यात अविचार कुठला? फ्रीडरिश मेर्त्स यांच्या नव्या सरकारनेही धडा घेतलेला नाही. विजेवरचा कर सर्वांसाठी कमी करू, असे त्यांच्या करारात होते; २०२५ च्या उन्हाळ्यात ती सवलत उद्योग आणि शेतीपुरती ठेवून घरांना वगळण्यात आले. हीट पंप विजेवर चालतो, हे लक्षात घेतले की या निर्णयाने हवामान आणि समता, दोन्हींचे नुकसान कसे झाले ते कळते.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, परतावा देऊनही लोक कार्बन दर स्वीकारत नाहीत. त्याला पुरावे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये घर तापवण्याच्या इंधनावर २००८ पासून आकारणी आहे आणि तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग लोकांना व उद्योगांना परत जातो. तरी २०२१ च्या जूनमध्ये कडक हवामान कायदा सार्वमतात ५१.६ टक्क्यांनी फेटाळला गेला. कॅनडात बहुतेक घरांना भरल्यापेक्षा अधिक परत मिळत होते. तरी पंतप्रधान मार्क कार्नी यांनी सत्तेवर येताच ग्राहकांवरची ती आकारणी १ एप्रिल २०२५ पासून बंद केली. ऑस्ट्रियाने २०२२ मध्ये प्रौढांना महागाईच्या मदतीसह ५०० युरो दिले, पुढची दोन वर्षे राहण्याच्या ठिकाणानुसार रक्कम दिली, आणि २०२५ पासून तूट भरून काढण्यासाठी परतावाच रद्द केला. कार्बन दर मात्र चालू ठेवला.

ही उदाहरणे नीट पाहिली तर ती परताव्याच्या विरोधात जात नाहीत, तो कसा द्यावा ते सांगतात. स्वित्झर्लंडमध्ये परतावा आरोग्यविम्याच्या हप्त्यातून वजा होतो, त्यामुळे हप्त्याच्या कागदावरची ती ओळ क्वचितच कुणी वाचते. कॅनडात पैसे खात्यात जमा होत, पण पुष्कळ दिवस ते कशाचे हे बँकेच्या नोंदीवरून कळत नसे, आणि पेट्रोल पंपावरचा वाढीव दर मात्र आठवड्याला डोळ्यांत भरे. ऑस्ट्रियात परतावा आणि आकारणी कायद्याने एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या, म्हणून एक तोडून दुसरी ठेवता आली. पैसा दिसला पाहिजे, दराच्या आधी आला पाहिजे आणि अर्थमंत्र्याला तो एकतर्फी काढून घेता येता कामा नये. दुसरा आक्षेप, की हाच पैसा रेल्वे आणि उष्मारोधनावर लावला तर उत्सर्जन जास्त घटेल, मला अधिक पटतो. पण ती गुंतवणूक सामान्य करांतून आणि कर्जातून व्हायला हवी, जिथे मोठ्या मिळकतीचा वाटा मोठा असतो. गरीब घराच्या मिळकतीचा मोठा भाग ऊर्जेवर जातो; त्या बिलातून देशाची पायाभूत कामे उभारणे हे उलट्या बाजूने कर लावणे आहे.

जर्मनीने आपली घरे उबदार ठेवली, त्याची किंमत देशाबाहेरही कुणीतरी चुकवली, आणि हे आपल्या वाचकांनी विसरू नये. रशियन गॅसची जागा घ्यायला युरोपने जगभरातून द्रवरूप गॅसची जहाजे चढ्या दराने ओढून घेतली. पाकिस्तानच्या निविदेला २०२२ च्या जुलैमध्ये एकही बोली आली नाही. बांगलादेशाने खुल्या बाजारातली खरेदी थांबवली आणि १९ जुलैपासून ठरवून भारनियमन सुरू केले. गॅझप्रॉम या रशियन गॅस कंपनीची जी जर्मन कंपनी जर्मन सरकारने ताब्यात घेतली, तिच्या सिंगापूरमधल्या शाखेशी गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीचा दीर्घ मुदतीचा करार होता. ती जहाजे येणे थांबले, दंड भरून मोकळे होण्यात आले, आणि गेलला खतकारखान्यांचा व उद्योगांचा पुरवठा कमी करावा लागला. गेलच्या मालकीचे दाभोळचे टर्मिनल ज्या जागतिक बाजारातून गॅस आणते, त्याच बाजारात हा लिलाव चालला होता. श्टार्नबर्गच्या बंगल्याला ८० टक्के वापरापर्यंत स्वस्त गॅसची हमी देणे म्हणजे ढाक्याच्या शिलाई कारखान्यातल्या दिव्यांपुढे बोली वाढवणे होते, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरणार नाही. वापराला अनुदान देण्याऐवजी माणसाला पैसे दिले असते, तर बंगल्यातला वापर आणखी घटला असता आणि बाजारावरचा ताणही.

आपल्याकडे चित्र नेमके उलटे आहे, आणि म्हणून ते इथे सांगायला हवे. बँकखात्यापर्यंत पोहोचण्याची वाट आपण जर्मनीच्या आधी बांधली. २०१५ च्या जानेवारीपासून स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान देशभर थेट खात्यात येऊ लागले. पण २०२० च्या मे महिन्यानंतर बहुतेक ग्राहकांच्या खात्यात येणारी रक्कम जवळपास शून्यावर आली, आणि २०२२ मध्ये मुंबईत सिलिंडर हजार रुपयांच्या वर गेला तेव्हाही सर्वसाधारण ग्राहकासाठी ती पूर्ववत झाली नाही. उज्ज्वलाच्या लाभार्थींना तेवढे सिलिंडरमागे आधी २०० आणि नंतर ३०० रुपये मिळू लागले. कोळशावरचा उपकर २०१० मध्ये टनाला ५० रुपयांपासून सुरू झाला आणि २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. तो स्वच्छ ऊर्जेसाठी होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हीच आकारणी राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवली गेली. विजेच्या बिलातून तो भार उचलणाऱ्या ग्राहकाला, किंवा चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात राखेच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसाला, या पैशावर आपला काही हक्क होता याची कल्पनाही दिली गेली नाही. उद्या आपल्या कार्बन बाजाराचा, म्हणजे उत्सर्जनाच्या हक्कांच्या खरेदी-विक्रीचा, भार सामान्य ग्राहकाच्या बिलापर्यंत उतरेल, तेव्हा परताव्याची वाट उपलब्ध नाही, अशी सबब आपल्या सरकारला सांगता येणार नाही.

युरोपसमोरची घडी मात्र जवळ आली आहे. घरे आणि रस्त्यावरची वाहने यांच्या इंधनाला लागू होणारी नवी युरोपीय कार्बन व्यवस्था २०२७ मध्ये सुरू व्हायची होती. महागाईच्या भीतीने ती २०२८ वर ढकलली गेली आहे. तिच्या जोडीला २०२६ ते २०३२ या काळासाठी सामाजिक हवामान निधी आहे. त्यात व्यवस्थेच्या उत्पन्नातून ६५ अब्ज युरोंपर्यंत आणि सदस्य देशांच्या वाट्यासह सुमारे ८७ अब्ज युरो जमतील, पण थेट रोख मदतीसाठी प्रत्येक देशाला आपल्या योजनेच्या ३७.५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता येईल. या निधीच्या योजना सादर करण्याची मुदत ३० जून २०२५ होती आणि बहुतेक देशांनी ती पाळली नाही. दर पुढे ढकलायला एकमत झाले. मदतीची तयारी करायला मात्र घाई कुणालाच नव्हती.

मिळालेल्या या जादा वर्षाचा उपयोग कसा करायचा, हे बर्लिनला ठरवावे लागेल. करक्रमांकाला बँकखाते जोडण्याचे काम आता बालभत्त्याच्या नोंदींमुळे लाखो कुटुंबांपुरते झाले आहे. उरलेल्यांची खाती पुढच्या करपत्राबरोबर मागवता येतील, आणि ज्यांना खाते नाही त्यांच्यासाठी टपालाची सोय ठेवावी लागेल. उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा परताव्यासाठीच राखला जाईल, असे कायद्यात लिहावे लागेल, म्हणजे पुढच्या तुटीच्या वेळी ऑस्ट्रियासारखे होणार नाही. बॉयलर ज्याच्या ताब्यात त्याच्याकडून त्याचा वाटा गॅस कंपनीनेच परस्पर घ्यावा, म्हणजे भाडेकरूला दारोदार मागत फिरावे लागणार नाही. आणि पहिला हप्ता, कशाचे पैसे आहेत हे स्पष्ट लिहून, नवी व्यवस्था सुरू होण्याच्या आधीच्या महिन्यात खात्यात जमा झाला पाहिजे. त्यासाठी बर्लिनच्या संसदेला अर्थसंकल्पात तेरा-चौदा अब्ज युरोंची एक ओळ लिहावी लागेल, आणि ती २०२७ च्या अर्थसंकल्पातच लिहावी लागेल. २०२८ च्या अर्थसंकल्पात लिहिली तर दर आधी येईल आणि पैसे मागून.